त्या गल्लीत दिवा लागत नव्हता

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीला शांतता ठाऊकच नाही. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात आणि त्यांची खटखट विटांत इतकी मुरली आहे, की भिंतीवर तळहात ठेवला तर ती नाडीसारखी लागते. म्हणूनच ती संध्याकाळ मला आजही आधी कानांनी आठवते. चित्रपटवाल्यांनी माग बंद ठेवायला लावले होते. दिवे लावू नका, असेही ते दारोदार सांगत गेले. नायक कित्येक वर्षांनी आपल्या वस्तीत परततो, तेव्हा त्याला सगळी घरे विझलेली दिसायला हवी होती. बायकांनी आपापल्या दारात उभे राहून त्याच्याकडे नुसते पाहायचे होते.

आमच्या दारात माझी आई, अव्वा, उभी राहिली. अंगावर लाल काठाची इरकल साडी, आणि मावळतीचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून कपाळाशी आडवा धरलेला उजवा हात. दाराशेजारच्या भिंतीत दिवा ठेवायचा छोटा कोनाडा आहे. आमच्याकडे त्याला दिवळी म्हणतात. लग्न होऊन आल्यापासून अव्वाने ती एकाही तिन्हीसांजेला रिकामी राहू दिली नव्हती. त्या दिवशी ती रिकामी राहिली. चित्रण आटोपल्यावर तिने घाईघाईने वात पेटवली, तेव्हा बाहेर मिट्ट काळोख झाला होता.

"माग बंद, दिवा न्हाय. मयत झाल्यासारखी गल्ली दिसायली होती," ती माझ्या वडिलांना, अप्पांना, म्हणाली.

अप्पा हसले. "सिनेमात आलीस की. आता ओळख तर दाखवशील का आमाला?"

"तिकीट काढून या, मग बघू."

चित्रपट तुफान चालला. गल्लीतले सगळे मिळून तो पाहायला गेलो. पडद्यावर अव्वा एका श्वासाएवढी दिसली. श्वास सोडेपर्यंत दृश्य बदलले होते. पुढे काही वर्षांनी ती गेली. तिच्या मागे अप्पांनी भुसाराचे दुकान आवरते घेतले आणि ते त्या घरात एकटे राहू लागले. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. कॉलेजातले तास संपले की बहुतेक संध्याकाळी त्यांच्याकडे जाते.

त्या चित्रपटावर बेतलेला खेळ मोबाइलवर आला आहे, हे मला विद्यार्थ्यांकडून कळले, आणि तेही तक्रारीच्या सुरात. चित्रपटांवरचे खेळ असेच असतात मॅडम, घाईत उरकलेले, असे ते सांगत होते. मी तो माझ्या जुन्या टॅबवर उतरवून घेतला आणि त्यांचे म्हणणे पटले. नायकाचा चेहरा मेणाचा होता आणि संवाद म्हणताना ओठ हलत नव्हते. त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. तो धुळीवरून एक बोटभर वर तरंगत जाई. ज्या गाण्यावर लोक रडले होते, त्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजे आणि मध्येच तुटे. चालता चालता एखादी भिंत नाहीशी होई, माणसे नाहीशी होत, मागे वळून पाहिले की पुन्हा असत. दारांवर कड्या होत्या, पण ती दारे नव्हती. भिंतीवर दारांची चित्रे चिकटवलेली होती.

आणि मग आमची गल्ली आली.

चित्रपटातले ते दृश्य लोकांच्या मनात राहिले होते, म्हणून खेळवाल्यांनी ते जसेच्या तसे उचलले असावे. वळण तेच, तुटकी पायरी तीच, निळसर करडी वेळही तीच. तिथे सूर्य कायमचा नुकताच मावळलेला होता. मागांचा आवाज नव्हता. प्रत्येक दारात एक बाई उभी होती, आणि ती एकच बाई होती. खेळवाल्यांनी एक आकृती केली आणि दारोदार उभी केली. नाकाच्या जागी उंचवटा, डोळ्यांच्या जागी सावली; पण लाल काठ, आणि कपाळाशी आडवा उजवा हात. नायक पुढे सरके, तशा त्या साऱ्याजणींच्या माना त्याच्या मागोमाग वळत.

माझ्या मानेवर गार वारा आल्यासारखे झाले. तरीही मी तो खेळ अप्पांना दाखवला. आपल्या घराचे चित्र पाहून त्यांना बरे वाटेल, असे मला वाटले होते.

अप्पांनी टॅब दोन्ही हातांत धरला आणि डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "हितं अजून दिवा लावलेला न्हाय."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी टॅब घेऊन बसू लागले. ज्वारीचा दाणा अंगठ्याने चोळून पाहावा, तसा त्यांचा अंगठा काचेवर फिरे. खेळात शत्रू होते, बंदूक होती, फोडायला माठ होते. अप्पा त्या कशाच्याही वाटेला जात नसत. नायकाला ते सरळ आमच्या दाराशी आणून उभे करत आणि दिवळीपाशी एकेक बटण दाबून पाहत. नायक लाथ मारी. उडी मारी. भिंतीवर गोळी झाडी आणि भिंतीला काहीच होत नसे. आकृतीची मान तेवढी वळलेली असे.

समोरच्या काकू विणकरांच्या घरच्या, बोलायला धारदार. दारातून डोकावून म्हणाल्या, "काय हो अप्पा, या वयात गोळीबार? पोलीस येतील की!"

"गोळी कुटं? दिवा लावायलोय."

"तुमचा हिरो तर भिंतीत घुसायलाय. चष्मा द्या त्याला आधी."

अप्पाही हसले. पण काकू गेल्यावर माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "त्या दिवशी दिवा चुकला. ती तवापासून तितंच उभी हाय. घरात आलीच न्हाय ती."

"अप्पा, अव्वा त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्यात होती. तुम्हाला भाकरी करून वाढत होती."

"व्हय. पण अर्धी तिकडं होती."

पुढच्या दिवसांत त्यांचे जेवण कमी होत गेले. कडक भाकरीचा आवाज त्यांना आवडे. आता ती ताटात तशीच मऊ पडून राहायची. माझ्या घरी चला म्हटले की विचारत, "आणि ती?" खऱ्या दिवळीतली पणती कोरडी पडली होती. खोट्या दारात दिवा लावण्याच्या नादात खऱ्या दाराची तिन्हीसांज रोज चुकत होती. एक दिवस तेही त्या करड्या वेळेत कायमचे राहून जातील, ही भीती माझ्या मनात घर करून बसली.

असेच एकदा मी संध्याकाळी गल्लीच्या वळणावर आले आणि थबकले. वीज गेली होती. माग बंद होते. धुळीचा वास तेवढा जिवंत होता. बाकी आवाज कोणीतरी पुसून नेल्यासारखा. उकाड्याने बायका दारात येऊन उभ्या होत्या. उजेड निळसर करडा. एकीने कपाळाशी हात आडवा धरून मला निरखले, मग दुसरीने. मी पुढे जाऊ लागले तशा त्यांच्या माना माझ्या मागोमाग वळल्या. त्या मला ओळखत होत्या, मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. पण त्या उजेडात कोणालाच नाक-डोळे नव्हते. मी पायांकडे पाहिले. चपलांचा आवाज येत नव्हता. जमिनीला पाय टेकतो आहे ना, हे कळावे म्हणून मी टाच मुद्दाम आपटली.

आमचे दार उघडे होते. आत अप्पा दाराकडे पाठ करून बसले होते आणि त्यांचा चेहरा टॅबच्या उजेडात निळा झाला होता.

"आलीस?" ते म्हणाले. ते मला म्हणाले, की काचेतल्या कोणाला, हे समजले नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. पणतीतली वात काडीसारखी वाळली होती. नवी वात वळली, तेल ओतले. दिवा पेटला तेव्हा जळक्या तेलाचा तो जुना, थोडा कडवट वास आला, आणि मला एकदम रडू फुटले. हाताने ज्योतीला आडोसा करून मी अप्पांच्या मागून दाराकडे निघाले.

"थांब!"

मी थांबले. टॅबच्या काचेत माझ्या हातातली ज्योत उमटली होती. गल्लीवरच्या त्या न संपणाऱ्या करड्या आभाळात एक पिवळा ठिपका.

"हलू नको. जरा खाली धर." अप्पांचा अंगठा काचेवर सरकू लागला. नायक एक पाऊल मागे गेला, मग बाजूला. गल्ली हळूहळू फिरली. भिंत आली, तुटकी पायरी आली. पणती तापून माझ्या बोटांना चटके बसत होते. "अजून थोडं... डावीकडं..." आणि दिवळी सरकत येऊन ज्योतीखाली थांबली.

त्या दारात दिवा लागला होता.

आकृतीची मान आमच्याकडे वळलेली होती. तिच्या चेहऱ्यावर पिवळा उजेड पडल्यासारखा दिसत होता. काचेवर पडला असणार. आम्ही दोघांनीही श्वास रोखला होता. इतक्यात टॅबची बॅटरी संपली आणि गल्ली काळी झाली. दारे गेली, बायका गेल्या. काळ्या काचेत ज्योत मात्र तिथेच राहिली, जरा थरथरत.

अप्पा त्या काळोखाला म्हणाले, "ओळग होग." आत जा. कन्नड ते फक्त अव्वाशी बोलत. ती गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी ते ऐकले नव्हते.

मग ते उठले, माझ्या हातातली पणती घेतली आणि बाहेर जाऊन दिवळीत ठेवली. थोड्या वेळाने वीज आली आणि भिंतीत पुन्हा नाडी लागली. जेवताना त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

टॅब मी माझ्या घरी नेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या लख्ख उन्हात, मुद्दाम खिडकीशी बसून, तो खेळ एकदाच उघडला. तीच करडी वेळ, तेच तुटके गाणे. दारोदार बायका कपाळाशी हात धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या माना माझ्याकडे वळत होत्या. आमच्या दारात मात्र कोणी नव्हते. मी वळून परत आले, पुन्हा पाहिले. दार रिकामेच होते. त्या खेळात माणसे नाहीशी होतच असत, हे मला ठाऊक आहे. मी तो काढून टाकला.

संध्याकाळी गेले, तेव्हा अप्पा दारात पायरीवर बसले होते. मला पाहताच म्हणाले, "वात जरा पुढं सार गं. काजळी धरायलीय."