निवृत्तीचा सत्कार

हे नगरपालिकेतून निवृत्त झाले, तेव्हा सत्काराला मी पुढच्याच रांगेत होते. धोकादायक इमारती वेळीच रिकाम्या करवून घेणं, हे ह्यांचं आयुष्यभराचं काम. जुनी मंडई बंद केली म्हणून ह्यांना भर सभेत झापणारे नगराध्यक्षच आता म्हणत होते, "ह्यांच्यामुळे कितीतरी जीव वाचले." मला ते गोड बोलणं खरं वाटेना. माणूस एकदाचा जातोय, म्हणून तर कौतुकाला एवढा पूर आला नसेल?

शाल पांघरून घेताना ह्यांनी हळूच विचारलं, "साहेब, मंडई उघडणार नाही ना?"

"तुम्ही आता आराम करा," ते हसून म्हणाले आणि फोटोवाल्याकडे वळले.

घरी जाताना ह्यांनी रिक्षा मंडईकडे वळवली. बंद दाराला रंगारी नवा रंग देत होता.

"तू हो पुढे," म्हणत हे खाली उतरले.