जुन्या कोर्टावरचा कावळा

भुतांची मला कधीच भीती वाटली नाही. हॉस्पिटलात माणसांना भूल देणारी बाई भुतांना भ्यायला लागली तर ड्यूटी कोण करणार? मी भ्यायचे कावळ्यांना, आणि एडिनबरात कावळ्यांना काही तोटा नाही.

कारण माझे बाबा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते पुण्यात वारले, तेव्हा मला आठवा महिना लागला होता आणि विमानप्रवासाला साफ मनाई होती. दहाव्याला धाकट्या भावानं नदीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले, खाली एकही येईना. आईला जपेन, काकांशी अबोला सोडेन, असं भाऊ एकेक वचन देत गेला. गुरुजी कंटाळून दर्भाचा कावळा करायला बसले. शेवटी भाऊ म्हणाला, "बाबा, ताईला परत आणतो." लगेच एक कावळा झेपावला.

हे त्यानं मला फोनवर सांगितलं, तेही आनंदानं. "ताई, लगेच शिवला गं!" मला न विचारता माझा शब्द देऊन मोकळा झाला होता, आणि बाबा तो घेऊन गेलेसुद्धा होते. आता भांडायचं कुणाशी?

तेव्हापासून माझं बूड कुठे टेकलं नाही. दर वर्षी म्हणायचं, अजून दोन वर्षं, मग निघू. नवरा मान हलवायचा आणि बागेत गुलाब लावायचा. पडदे शिवताना मी खाली वीतभर कापड दुमडून ठेवायचे, कारण पुण्याच्या खिडक्या उंच. ते पडदे एडिनबराच्या उन्हात विटले, म्हणजे बघा किती वर्षं गेली असतील. बाबांच्या तिथीला भावाचा फोन यायचा. "मग, कधी?" एवढंच विचारायचा. मला दोन दिवस जेवण जायचं नाही.

मुलीला मी ही गोष्ट अर्धीच सांगितली होती. मामानं काहीतरी कबूल केलं आणि कावळा आला, एवढीच. "व्हॉट प्रॉमिस?" असं ती लहानपणी खूपदा विचारायची. मी म्हणायचे, "असंच काहीतरी. दूध पी."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, युनिव्हर्सिटीला जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तिनं एक नोकरी धरली. काळा झगा घालून टूरिस्टांना जुन्या गावातली भुताची ठिकाणं दाखवायची. "आई, एकदा ये ना, प्लीज," म्हणून तिनं मागे लकडा लावला. एका दुपारी मी तिच्यासाठी पोळीभाजीचा रोल घेऊन गेले आणि घोळक्यात मागे उभी राहिले.

शेवटचं ठिकाण म्हणजे एक जुनं कोर्ट. इथे फाशी झालेला एक माणूस अजून पायऱ्यांवर येतो आणि माफीचा कागद आला का विचारतो, ही गोष्ट सगळेच गाईड सांगायचे. पण आमचं कन्यारत्न पुढे सुरू झालं. म्हणे, त्याच्या आईनं पायरीवर पाव ठेवला. छतावरचा कावळा त्याला शिवेना. घरच्यांनी पुष्कळ वचनं दिली. शेवटी कुणीतरी कानात एक वचन सांगितलं, आणि तो आला. "ते वचन काय होतं," तिनं आवाज खाली आणला, "हे आजतागायत कुणालाही कळलेलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घोळका पांगल्यावर मी तिला पायरीवर गाठलं. "आजोबांचा दहावा काय तमाशा आहे?"

ती वरमली. "सॉरी, आई. बट इट्स द बेस्ट स्टोरी आय नो. आणि मला एंड माहीतच नाही. तू कधी सांगितली नाहीस."

ते खरं होतं. माझा राग निम्मा उतरला आणि उरलेल्या रागाच्या भरात मी बोलून गेले. "मी परत येईन, असं मामानं सांगितलं होतं. पुण्याला. कायमची."

ती पायरी उतरून माझ्याजवळ आली. मग म्हणाली, "म्हणून आपण कधी नीट पडदे नाही लावले?"

मला रडू आलं, भर रस्त्यात, कोर्टाच्या दारात. तिनं झग्याच्या बाहीनं माझं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुला जायचं आहे का? मामाचं सोड. तुला?"

सतरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी रोलचा एक तुकडा मोडला, पायरीवर ठेवला आणि हात जोडले. "बाबा, मी नाही येणार. माझं घर इथे आहे. रागावू नका."

छतावर दोन कावळे होते. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आम्ही थांबलो. तिची पुढची टूर जमायला लागली, तरी थांबलो.

एवढ्यात समुद्राकडून एक दांडगा सीगल आला. त्यानं पायरीवरचा तुकडा उचलला, वर माझ्या हातातला रोलही ओढून नेला.

आम्ही दोघी बघत राहिलो.

"आई," तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "सीगल चालतो का?"

"चालतो," मी म्हटलं. "इथे सीगलच यायचा."