सहावर थांबलेला काटा

मिरजोळ्याच्या पुढे, कातळावरच्या एका वाडीत नव्या पाइपलाइनची चाचणी घ्यायला मी जायचो. मी सरकारी अभियंता, आणि स्वभावाने चिडका. चाचणी तशी सोपी. पाइपात पाणी भरायचं, पंपाने दाब चढवायचा आणि गेजचा काटा जागचा हलतो का ते दोन तास बघत बसायचं. काटा खाली आला की कुठेतरी गळती. मग लाइन रिकामी करायची, जोड दुरुस्त करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

गंमत अशी की विहिरीचं काम अर्धवट होतं, त्यामुळे लाइनीत घालायला पाणीच नव्हतं. ठेकेदार चाचणीपुरता टँकर आणायचा. वाडीला दर मे महिन्यात येणारा टँकर मात्र बंद झाला होता, कारण कागदावर वाडीत नळ आला होता!

पहिली चाचणी नापास झाली. फिटरने पाणी सोडायचा व्हॉल्व्ह उघडला आणि दहा मिनिटांत अख्खी वाडी हंडे घेऊन हजर. सगळ्यात पुढे एक काकी. गुडघे कामातून गेलेले, घरात बाळंतीण सून, आणि झरा अर्धा डोंगर खाली.

दुसऱ्या वेळी वाडीचे मानकरी, गावकर, नारळ घेऊन आले. आमच्याकडे शुभकामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणून मीही हात जोडून उभा राहिलो.

"बा देवा म्हाराजा, ह्या सायबाच्या पायपात जो काय जोड कच्चा आसंल, तो आजच दावून दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी ओरडली. बायका जरा जास्तच जोरात.

काटा पाव तासात खाली. तिसऱ्या वेळी तेच गाऱ्हाणं, तीच गळती, तेच हंडे. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली आणि मी भडकलो, "पाइप गळावा म्हणून नारळ फोडता?"

"पास झाला तर पानी कोन देनार?" गावकरांनी शांतपणे विचारलं. मी वळून फिटरवर ओरडलो.

चौथ्या वेळी काटा सहावर चढला आणि तिथेच थांबला. एक तास झाला, दोन झाले. पास झालेली लाइन भरलेलीच ठेवून व्हॉल्व्हला सील लावायचं, असा आमचा नियम. फिटरने खुशीत पेन पुढे केलं. वाडीचे चेहरे उतरले.

काकी रिकामा हंडा घेऊन व्हॉल्व्हपाशी बसली होती. "सायेब, आता ह्यो परत कदी गळंल?"

मी गेजच्या काचेवर टिचकी मारली. पुन्हा मारली. काटा ढिम्म हलला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत चांगल्या कामाचा मला पहिल्यांदाच राग आला. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'दाब टिकला नाही. लाइन रिकामी करून चाचणी पुन्हा घ्यावी.'

"साहेब, पण काटा तर..." फिटर म्हणाला.

"व्हॉल्व्ह उघड!" मी ओरडलो.

"व्हय म्हाराजा!" वाडी म्हणाली.