बाळ अजून जन्मायचंय

डिसेंबर लागला की ऑर्विल हाफेमानच्या मनात पाल चुकचुकायला लागे. शुभेच्छापत्र आलं की त्यावरचं चित्र तो पाहतच नसे. आत ख्रिस्ताचं नाव आहे का, तेवढं बघे, आणि नसलं तर पत्र टेबलावर पालथं पडे. बेकरीतल्या मुलीने सुट्टीच्या शुभेच्छा दिल्या तर तो विचारी, "सुट्टी कशाची? कुणाचा जन्म झाला म्हणून?" त्याची बायको बर्निस तोवर पावाची पिशवी घेऊन बाहेर पडलेली असे.

विस्कॉन्सिनमधल्या त्या दूधदुभत्याच्या गावात ऑर्विलने उभा जन्म चीजच्या कारखान्याचं गोदाम सांभाळलं. निवृत्तीनंतर चर्चमधला ख्रिस्तजन्माचा गोठा त्याच्याकडे आला आणि गोदामाची शिस्त गोठ्याला लागली. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी योसेफ, मारिया, मेंढपाळ आणि बैल मांडायचे, गव्हाण मात्र रिकामी ठेवायची. लाकडात कोरलेला बाळ येशू वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात, फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला असे. चोवीस तारखेला संध्याकाळच्या मिस्साच्या उपासनेआधी ऑर्विल त्याला स्वतःच्या हाताने गव्हाणीत निजवी. बाळ कुठाय, असं कुणी आधी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "जन्मायचंय अजून. जरा थांबायला शिका."

हे वाट पाहणं म्हणजेच नाताळ, असं त्याचं मत होतं. हॅलोविनचे भोपळे दारात सडायच्या आत दुकानं नाताळची गाणी लावत आणि सव्वीस तारखेला झाडं कचऱ्यात जात. यंदा तर चर्चसमोरच्या डेलमारने आपल्या बारच्या छपरावर हवा भरलेला सांता उभा केला होता, चर्चच्या दाराहून उंच. शुक्रवारी तिथे मासे खायला गेलं की डेलमार सगळ्यांदेखत म्हणे, "ऑर्विल, तुझी गव्हाण रिकामीच आहे ना? माझा सांता निजवू का तिच्यात?"

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी ऑर्विलने कपाट उघडलं. फ्लॅनेल होतं, व्यवस्थित घडी घातलेलं. आत बाळ नव्हतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. संशय मात्र थेट बारच्या छपरावर जाऊन बसला. त्या शुक्रवारी माशांवर लिंबू पिळत त्याने डेलमारला सहज विचारल्यासारखं विचारलं, की तू हल्ली चर्चमध्ये कधी आला होतास का.

डेलमार ग्लास पुसायचा थांबला. "का? तूच सांग, परवा माझ्या सांताची हवा कशी गेली? पंपाची पिन कुणी काढली?"

ऑर्विलने बटाट्याच्या सॅलडमध्ये मान घातली. पिन त्यानेच काढली होती, पण एकदाच.

"चोराच्या मनात चांदणं," घरी जाताना बर्निस म्हणाली. मग तिनेच विचारलं, की चोर डेलमार असेल तर त्याने घडी घातली असती का? त्याच्या बारमधलं टेबल पुसायचं फडकं बघितलंयस ना?

बोलणं खरं होतं, म्हणूनच ऑर्विलला झोंबलं. मग घडी घालणारं कोण? वेदीची वस्त्रं रोसाल्बा धुवायची. गावच्या गोठ्यांवर राबायला आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतली ही बाई, सहा वर्षांत कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. पण हातात मापाची टेप घेऊन ती कपाटापाशी उभी असलेली ऑर्विलनेच पाहिली होती. मापं कसली घेत होती? नोव्हेंबरात मिस्सानंतरच्या कॉफीला ती त्याच्याजवळ येऊन काहीतरी पुटपुटलीही होती. यंदा मी मद्रीना होऊ का, असं काहीसं. गोंगाटात त्याला वाटलं, केकच्या सोडतीचं असेल, आणि "हो, हो" म्हणून तो मोकळा झाला होता. आता ते आठवून त्याचा संशय दाट झाला आणि अशा बाईवर संशय घेतोय म्हणून स्वतःची लाजही वाटली. विचारायची हिंमत काही झाली नाही.

चोवीस तारखेला बर्निसने दुकानातून प्लास्टिकचं बाहुलं आणलं. आजचा दिवस निभावून जाईल, असं तिचं म्हणणं.

"त्यापेक्षा सांताच निजवतो," ऑर्विल म्हणाला. "बाळ नसेल तर गव्हाण रिकामी राहील. लोकांना कळू दे, काय हरवलंय ते."

चर्च भरलं. तो गोठ्यापाशी राखणीला उभा राहिला. डेलमारही शेवटच्या बाकावर टोपी काढून बसला होता. तेवढ्यात दार उघडलं आणि मेणबत्त्या घेतलेली माणसं अंगाईसारखं काही गात आत आली. पुढे रोसाल्बा. तिच्या हातातल्या ताटात बाळ होतं, विणलेल्या पांढऱ्या झबल्यात, टोपड्यात, पायांत इवले बूट.

ऑर्विल वाटेत आडवा झाला. त्याला दिसली ती सजवलेली बाहुली. आणखी एक नटवानटवी. "हे कपडे कशाला?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"थंडी किती आहे, डॉन ऑर्विल." वडीलधाऱ्यांना ती आदराने डॉनच म्हणे. तिने बाळ छातीशी धरलं. "मद्रीना म्हणजे धर्ममाता. तिनेच बाळाला घरी न्यायचं, झबलं विणायचं, आज जोजवून निजवायचं. मी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात ना?"

तरी त्याने एक बूट उपसून पाहिला. अंगठ्याचा टवका उडालेला होता, कधीतरी त्याच्याच हातून पडल्याचा. बाळ तेच होतं.

रोसाल्बाने ताट पुढे केलं. तिची माणसं ओळीने त्या पायांचं चुंबन घेत होती. ऑर्विलने मागे पाहिलं, कोण हसतंय का ते. कुणी हसत नव्हतं. तो वाकला, उघड्या अंगठ्याला ओठ टेकवले आणि बूट पुन्हा चढवला. मग दोघांनी मिळून बाळाला गव्हाणीत निजवलं.

"आणि हे सगळं उतरवायचं कधी?" त्याने विचारलं. "सव्वीसला?"

"सव्वीसला?" रोसाल्बा चकित झाली. "आत्ता तर जन्मलंय. दोन फेब्रुवारीला मद्रीना त्याला उठवते. तोवर निजू दे."

एवढ्या वर्षांत गोठा लवकर आवर म्हणणारेच त्याला भेटले होते. उशिरापर्यंत ठेव म्हणणारं हे पहिलंच माणूस. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"त्या दिवशी मक्याच्या पानात वाफवलेले तमाले पण मद्रीनानेच करायचे असतात," ती म्हणाली. "सगळ्यांसाठी."

"तिखट असतात का?" ऑर्विलने संशयाने विचारलं.