रांगेत बोललेलं एक वाक्य

निवृत्तीनंतर माणसं बागायतीत रमतात, नाहीतर बायकोच्या स्वयंपाकात लक्ष घालतात. मला जिल्ह्याचा लोकपाल केलं. नगरपालिका-ग्रामपंचायतींतले कर्मचारी लोकांशी कसे वागतात याच्या तक्रारी ऐकायच्या, दोन्ही बाजूंना बोलवायचं आणि वर शिफारस पाठवायची. शिक्षा देण्याचा अधिकार नाही. हे कळल्यावर निम्मे तक्रारदार चहा पिऊन उठून जात. एकाने तर कर्मचारी लाच मागतो अशी तक्रार केली आणि सोबत देवगड हापूसची पेटी पाठवली. पेटी मी परत केली. त्यावरून घरात आठवडाभर अबोला होता.

त्या दिवशी किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीतल्या क्लार्कची सुनावणी होती. तक्रार करणारी साठी ओलांडलेली बाई. नवरा गेल्यावर ती मृत्यूचा दाखला आणायला गेली, तेव्हा हा क्लार्क भर रांगेत म्हणाला होता, "काका एकदाचो सुटलो गो तुझ्या तावडीतसून!" रांगेतले लोक हसले. दाखला तिला त्याच दिवशी मिळाला, तोही बिनचूक. तक्रार फक्त त्या एका वाक्याबद्दल होती.

खिडकीतून पाहतो तर दोघं एकाच मोटरसायकलवरून उतरत होती. मालवणहून येणारी एसटी रद्द झाली होती. ती स्टँडवर एकटीच उभी दिसली म्हणून त्याने गाडी थांबवली आणि ती मागे बसली. नियमावलीत याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. वाटेत काही बोलणं झालं का, असं मी विचारलं. तडजोड झाली असती तर मला जेवायला वेळेवर घरी जाता आलं असतं.

"नाय," ती म्हणाली. "खड्डो इलो की 'धरून बस' म्हणा होतो. तेवढाच."

क्लार्कने खिशातून कागद काढला आणि कचेरीतल्या मराठीत वाचायला लागला. "सदर उद्गार विनोदाच्या हेतूने काढण्यात आले असून, त्यामुळे तक्रारदारांच्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगीर आहे."

असल्या माफीची मला मनापासून चीड आहे. "दुखावल्या म्हणूनच बाई इथवर आल्या ना?" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. मग तिच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय? याची बदली? लेखी समज?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "साहेबानु, मी तोंडाळ. अख्ख्या गावाक ठावक आसा. शेवटी शेवटी तो खाटेर होतो, तेव्हापण मी गप रवाक नाय. आता रातची झोप येणा नाय. ह्यो बोललो ता खरा असात तर? तो माका कंटाळान गेलो असात तर?"

यावर माझ्याकडे कलम नव्हतं. तरी मी उगाच नियमावलीची पानं चाळली. पदावर असताना हे कुणाला सांगितलं नसतं, आता सांगायला हरकत नाही.

क्लार्कने कागदाची घडी घातली. ती परत खिशात ठेवली. "काकी," तो म्हणाला, "काका घरपट्टी भरूक येवचो, तेव्हा मी तेका 'च्या घे' म्हणायचंय. तो कधी थांबाक नाय. 'माका उशीर झालो तर ती जेवची नाय, तशीच बसान रवतली,' असा म्हणायचो. दरवेळी ह्याच. आणि धावत घराकडे जायचो."

ती रडायला लागली. शिपायाने पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. ती थोडी सावरल्यावर मी नियमाप्रमाणे सांगितलं की तक्रार मागे घ्यायची असेल तर तसा अर्ज इथेच देता येईल. क्लार्कच्या चेहऱ्यावर आशा दिसली. माझ्याही असावी.

"मागे कित्याक?" डोळे पुसत ती म्हणाली. "ह्या तेका त्या दिवशीपण ठावक होता. चार माणसांत ता सांगूचा सोडून ह्यो माका हसलो. तुमी लिवा, साहेबानु."