मोअज्जम जाही मार्केटजवळचं सभागृह आणि न वाचलेले आभार

‘सभागृह कुणाचं?’ या विषयावर बोलायला हैदराबादच्या मराठी समितीचं बोलावणं आलं आणि मी एका पायावर तयार झालो. भाषणाला मी सहसा नाही म्हणत नाही. शिवाय मोअज्जम जाही मार्केट बघायचं राहूनच गेलं होतं. शनिवारी सकाळी सिकंदराबादला उतरलो. कॉलेजमित्र दिलीप तारनाक्याला राहतो, मुक्काम त्याच्याकडे.

जाणार असाल तर तारनाक्याहून कोठीची सिटी बस घ्या आणि पुढे चालत जा. रिक्षाचे पैसे वाचतात, रस्ताही कळतो. मार्केट अख्खं दगडी. वर घुमट, मधे घड्याळाचा मनोरा, कमानींखाली फळं, सुकामेवा, अत्तरं. एका अत्तरवाल्याने माझ्या मनगटावर थेंब लावला. परत येताना घेतो म्हटलं, तर तो शांतपणे म्हणाला, “वापस आतूं बोलके सब जाते, साब.” दिलीप हसला. इराणी चहा आणि बिस्किटं दोघांत शंभराच्या आत झाली.

सभागृह तिथून दहा मिनिटांवर. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, झिजून गुळगुळीत झालेली लाकडी बाकं. अशी सभागृहं शहराची खरी दौलत आहेत, हे माझं मत आजही तेच आहे. मी तासभर बोललो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पायरीवर थांबवलं त्यांनी व्यासपीठावर यावं, असं मूठ आपटून सांगितलं. टाळ्या पडल्या. मला त्या आवडतात, खोटं कशाला बोलू?

मग आभारासाठी संगीताताई उठल्या. समितीत नव्या, रेल्वेत नोकरी, वय चाळिशीचं. त्यांनी घडी उलगडून कागद पुढ्यात ठेवला. मी शेजारीच बसलो होतो. कागद तेलुगूत होता. भाषणाची धुंदी अजून उतरली नव्हती. मी माइक ओढला आणि म्हणालो, “ताई, मराठी सभेचे आभार तरी तेलुगूत नकोत.”

सभागृह खदखदून हसलं. त्यांनी कागदाची घडी घातली, “सगळ्यांचे आभार” एवढंच म्हटलं आणि खाली बसल्या. पहिल्या बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर मार्केटात आम्ही सीताफळाचं आइस्क्रीम घेतलं. तिथे दिलीपने सांगितलं की आभार मराठीतच होते. संगीताताईंची शाळा तेलुगू माध्यमाची. मराठी त्या घरी ऐकून शिकल्या, वाचायला कधी नाही, म्हणून मराठी बोलणं तेलुगू अक्षरांत लिहितात. आणि मजकूर त्यांच्या आईने, त्या पहिल्या बाकावरच्या शांताबाईंनी, सांगितलेला. शांताबाई मराठवाड्यातून आलेल्या. तीस वर्षं त्यांनी तेच सभागृह झाडलं होतं. या सभागृहात त्यांचे शब्द पहिल्यांदाच बोलले जाणार होते.

मी कप टेबलावर ठेवला. दिलीपला त्यांचा पत्ता विचारला.

रविवारी सकाळी आम्ही अंबरपेठला त्यांच्या घरी गेलो. संगीताताईंनी पाणी दिलं. मी माफी मागितली. शांताबाई म्हणाल्या, “चुकतं माणसाचं. चाय घ्या.”

संगीताताई उभ्याच होत्या. “सर, हसले ते हॉलमधे. माफी घरात येऊन मागताय.”

आत्ता तिथे जाऊन मागतो, असं मी म्हणालो. “आता तिथं कोण आहे? कुलूप आहे,” त्या म्हणाल्या.

निदान तो कागद वाचून दाखवा, मी ऐकतो, अशी विनवणी केली. त्यांनी आईकडे पाहिलं.

“नक्को,” शांताबाई म्हणाल्या. “ते हॉलसाठी सांगितलेलं. घरात काय वाचायचं?” मग त्यांनी फळीवरून कागद काढून माझ्यासमोर धरला. “हे तुम्हीच न्या. आमच्या काय कामाचं आता?”

चहा मी प्यायलो. अत्तर घ्यायला परत गेलो नाही.

आता पुण्यात आहे. मार्केट जरूर बघा, सभागृहही बघा. माझ्या शेजारी तेलुगू वाचणारं कुटुंब राहतं, पण त्यांच्याकडून तो कागद वाचून घेणं म्हणजे हॉलसाठीचे ते शब्द दुसऱ्यांदा हिसकावून घेणं. समितीला पत्र धाडलंय: पुढच्या सभेत मला भाषणाला नको, माफी मागून खाली बसायला बोलवा, आणि आधी संगीताताईंना वाचू द्या, कागद मी आणतो. समितीचं उत्तर अजून आलेलं नाही.

माझ्या खोलीत चारही भिंतींना पुस्तकं आहेत. मेजावर तो कागद आहे. अख्खा मराठीत आहे, आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.