मास्तरांच्या खाटेवरचं बियाणं

‘२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार. सकाळी कडक ऊन. गाद्यांना ऊन दाखवले. बाईजाने आज खळे सारवले, त्यामुळे बियाणे शेताच्या बांधावरच वाळत घातले आहे. दुपारी अचानक आभाळ...’

पुढचा शब्द लिहायच्या आत दामिनीबाईंच्या पडवीच्या पत्र्यावर पाऊस कोसळला. त्यांनी वही मिटली, तोच दाराबाहेर हाक आली.

“बाई, दार उघडा! माजं बियाणं भिजलं वो!”

शेजारची बाईजा स्वतः चिंब भिजली होती. गोणपाट होतं ते उराशी धरलेल्या लोंब्यांवर. भात उभं असतानाच भरलेल्या लोंब्या हाताने निवडून बियाण्याला काढायच्या, ही तिच्या घरची रीत. सासूपासून चालत आलेलं ते बारीक, वासाचं भात आता पाड्यात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं. लोंब्या अशाच ओल्या राहिल्या, तर मोड फुटणार आणि पुढच्या वर्षी पेरायला दाणा नाही.

“तुझ्याकडे चुलीजवळ?”

“घर गळतंय. आन् चुलीशी ठेवलं तं भाजून जाल.”

पडवीत झड येत होती. पंखा होता तो फक्त आतल्या खोलीत, मास्तरांच्या खाटेच्या वर छताला. दामिनीबाईंचे यजमान आटगावला स्टेशनमास्तर होते. ते गेल्यापासून त्या खाटेवर कुणी बसलं नव्हतं, नातवंडंसुद्धा नाहीत. चादर मात्र बाई रोज सकाळी ताणून घालत, लहानपणी मिशनच्या शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे कोपरे दुमडून.

बाई खोलीत गेल्या. क्षणभर उभ्या राहिल्या. मग एका ओढीत चादर काढली, गादी गुंडाळली आणि म्हणाल्या, “इथे पसर.”

बाईजा उंबऱ्यातच थबकली. “मास्तरांच्या खाटेव? नको बाई.”

“मग काय मोड आणून उसळ करायची आहे?”

लाकडी फळ्यांवर मास्तरांचं जुनं धोतर अंथरून दोघींनी लोंबी न् लोंबी सुटी केली. हात चालू लागले तशी बाईजाची जीभही सैल झाली.

“मास्तर असते तं म्हनले असते, बाईजा, खाटेचं तिकीट काढलंस काय?”

“तुला पासच दिला असता,” बाई हसत म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. “तुझा तांदूळ शिजला की दोनदा वाढून घ्यायचे.”

तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. बाईजाचा चेहरा उतरला. बाईंनी भिंतीवरच्या फळीवरून सूप काढलं आणि वारा घालायला सुरुवात केली. हात भरून आला की सूप बाईजाकडे, तिचा दुखला की परत बाईंकडे.

“बाई, तुमी बसा. वय झालं.”

“आणि तू कुठली कोवळी लागून गेलीस गं?”

दिवेलागणीला वीज आली. पाऊसही ओसरला. बाईजाने मूठभर लोंब्या उचलून कानाशी हलवल्या. दाणे सुके वाजले.

“वाचलं गो बाय माजं,” ती भाताशीच बोलली. खोलीभर नव्या तांदळाचा वास दरवळत होता.

ती गेल्यावर दामिनीबाईंनी वही उघडली आणि दुपारचं अर्धं वाक्य पुरं केलं. खाली लिहिलं:

‘बियाणे खाटेवर आहे. पंखा रात्रभर चालू ठेवते. चादर घडी करून कपाटात ठेवली.’